शहराची बस आणि शहराचा कारभार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘शहराची बससेवा’ असे सांगितले. त्यावर एका स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “अहो, भिवापुरात शहराची बस आहे कुठे? मिरचीवर बोला, गोसीखुर्दच्या पाण्यावर बोला. बस हा नागपूरकरांचा विषय.” त्यांची शंका रास्त होती, म्हणून तिचेच उत्तर आधी देतो.

आज येथे बसलेल्या मंडळींपैकी गेल्या वर्षभरात नागपूरला गेला नाही असा एक तरी सापडेल काय? कोणाची आई मेडिकलमध्ये भरती असते, कोणाचा मुलगा तिथे कॉलेजात शिकतो, कोणी मिरचीची पोती घेऊन कळमन्याच्या बाजारात जातो, कोणाची हायकोर्टात तारीख असते. नागपूर-नागभीडची लहान रेल्वे आपल्या गावावरून पिढ्यान्‌पिढ्या धावत होती. रुंदीकरणासाठी ती २०१९ साली बंद झाली आणि आपला सारा भार एस्टीवर पडला. पुढे २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस्टीचा प्रदीर्घ संप झाला, तेव्हा गाडी नसणे म्हणजे काय ते आपण सर्वांनी अनुभवले. परंतु एस्टी नागपूरपर्यंतच नेते. गणेशपेठेच्या स्थानकावर उतरल्यावर पुढे काय?

आपल्या गावची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. मार्च २०२३ पासून तिला एस्टीत अर्धे तिकीट आहे. तेवढ्या पैशांत ती नागपूरला पोहोचते. तेथून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात जायचे आहे. शहराची बस वेळेवर आली, तर काम थोडक्यात भागते. नाही आली, तर ऑटोवाला जे मागेल ते द्यावे लागते, आणि कधी कधी सबंध एस्टीच्या प्रवासापेक्षा तो शेवटचा तुकडाच महाग पडतो. शिवाय दवाखान्याची चिठ्ठी मिळण्याची वेळ टळते आणि दिवस फुकट जातो. तिचे मत नागपूरच्या महापालिकेत नाही, पण तिचा दिवस मात्र त्या महापालिकेच्या हातात आहे. म्हणून शहराची बस हा भिवापूरचाही विषय आहे असे मी म्हणतो.

आता बससेवा चालते कशी, ते थोडे आकडे घेऊन पाहू. घाबरू नका, गणित चौथीच्या मुलाला येईल इतकेच आहे.

समजा, एक मार्ग बारा किलोमीटरचा आहे. गाडी थांबे घेत तासाला पंधरा किलोमीटरच्या गतीने चालते. म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. तिथे चालक-वाहकांना श्वास घ्यायला आणि उशीर भरून काढायला बारा मिनिटे धरा. झाला एक तास. जाऊन येऊन दोन तास. लोकांना दर दहा मिनिटांनी गाडी द्यायची असेल, तर १२० भागिले दहा, म्हणजे बारा गाड्या लागतील.

आता त्याच रस्त्यावर मोटारी वाढल्या, हातगाड्या वाढल्या, कोणी कडेला ट्रक उभा केला, आणि बसची गती तासाला बारा किलोमीटरवर आली. एका बाजूला साठ मिनिटे आणि वर बारा मिनिटे विसावा. जाऊन येऊन १४४ मिनिटे. बारा गाड्या त्याच आहेत, पण आता गाडी दर बारा मिनिटांनी येईल. पूर्वीसारखी दहा मिनिटांनी हवी असेल, तर पंधरा गाड्या हव्यात. तीन गाड्या वाढल्या, त्यांचे चालक वाढले, इंधन वाढले, आणि एकही नवा उतारू मिळाला नाही! रस्त्यावरची गर्दी म्हणजे बसच्या तिजोरीला पडलेले भोक आहे. म्हणून जे शहर बसला वाट मोकळी करून देते, ते तेवढ्याच पैशांत अधिक फेऱ्या चालवते. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून आपल्या मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बससाठी राखीव वाट ठेवली. तिथे चमत्कार काही झाला नाही, हेच भागाकाराचे गणित त्यांनी आपल्या बाजूला वळवून घेतले.

गाड्यांच्या जोडीला माणसे येतात. गाडी सकाळी पाचला निघून रात्री दहाला परतते, म्हणजे दोन पाळ्या झाल्या. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी हवी, आजारपण आहे, रजा आहे. तेव्हा एका गाडीमागे अडीच चालक तरी नेमावे लागतात. काही गाड्या दररोज कारखान्यात उघडून ठेवलेल्या असतात, त्यांच्या बदल्यात राखीव गाड्या हव्यात. आगार मार्गापासून दूर असेल, तर सकाळी रिकामी गाडी नेण्यात आणि रात्री रिकामी आणण्यात इंधन जळते, ते वेगळे. हे सारे ज्याने आधी मांडून ठेवले नाही, तो कागदावर शंभर गाड्या दाखवतो आणि रस्त्यावर साठच आणतो.

आणखी एक अनुभव आपल्या सर्वांचा आहे. अर्धा तास एकही गाडी येत नाही आणि मग दोन गाड्या एकामागोमाग येतात. आपण चालकांना नावे ठेवतो. पण पाहा, पहिली गाडी कशाने तरी चार मिनिटे मागे पडते. पुढच्या थांब्यावर त्या चार मिनिटांत माणसे अधिक जमलेली असतात, त्यांना चढवण्यात आणखी उशीर होतो. तिच्या मागच्या गाडीला माणसेच कमी मिळतात, म्हणून ती भरभर येते आणि पहिलीला गाठते. यात दोष एकट्या चालकाचा नाही. अशा वेळी मार्गावर कोणीतरी जाणता माणूस लागतो. मागच्या गाडीला दोन मिनिटे थांबवायचे, की पुढचीला मधल्या थांब्यावरून परत फिरवायचे, हे तो ठरवतो. पूर्वी हे काम नाक्यावरचा टाइमकीपर हातातल्या घड्याळावर करी. आता प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा उपग्रहाच्या साह्याने कचेरीतल्या पडद्यावर दिसतो. साधन सुधारले, ही चांगली गोष्ट झाली. पण पडद्याकडे पाहून निर्णय घेणारा माणूस कचेरीत नसेल, तर तो पडदा भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच उपयोगाचा.

मंडळी, वेळापत्रक हे शहराने आपल्या माणसांना दिलेले वचन असते. वचन देण्याचे काम म्हणजे नियोजन आणि ते पाळण्याचे काम म्हणजे संचालन. वचन द्यायचे एकाने, पाळायचे दुसऱ्याने, आणि पाळले की नाही हे बघायचे तिसऱ्याने, अशी वाटणी झाली म्हणजे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाने कोणाचा हात धरायचा? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? मुंबई शहर वगळता राज्यातल्या महापालिका १९४९ च्या महानगरपालिका कायद्यावर चालतात. नागपूरला पूर्वी १९४८ चा स्वतंत्र कायदा होता, आता तेही याच कायद्याखाली आहे. या कायद्यात महापालिकेच्या कर्तव्यांचे दोन गट आहेत. पाणी, दिवे, झाडलोट, गटारे ही आवश्यक कर्तव्ये. आणि प्रवासी वाहतुकीची सोय? ती ऐच्छिक! म्हणजे जमले तर करावे, नाही जमले तर कोणी विचारणार नाही. मात्र ज्या महापालिकेने हे काम अंगावर घेतले, तिच्यासाठी कायद्याने परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक आणि स्वतंत्र परिवहन निधी यांची व्यवस्था सांगून ठेवली आहे. १९४९ साली शहरे लहान होती, माणूस पायी किंवा सायकलने कामावर जाई, तेव्हा ही विभागणी चालून गेली. आज शहर पंधरा-वीस किलोमीटर पसरले आहे आणि कामावर पोहोचणे हे पाण्याइतकेच निकडीचे झाले आहे. तरीही बस अद्याप ऐच्छिकच्याच ओळीत बसली आहे.

याचे परिणाम नागपूरच्याच इतिहासात दिसतात. आपल्या विदर्भात सरकारी मोटारसेवा जुन्या मध्यप्रांताच्या काळापासूनची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती मुंबई राज्यात आली आणि १ जुलै १९६१ रोजी मुंबईची, मराठवाड्याची आणि नागपूरची अशा तिन्ही व्यवस्था एकत्र होऊन आजचे राज्य परिवहन महामंडळ झाले. नागपूर शहरातल्या बसगाड्याही पुढे वर्षानुवर्षे एस्टीच चालवीत असे. गावोगावी जाणाऱ्या संस्थेला शहर म्हणजे अंगणातले काम. शहर वाढत गेले आणि शहराच्या बसचा धनी मात्र शहराचा कारभार नव्हता.

२००७ साली महापालिकेने ही सेवा हाती घेतली आणि खाजगी ठेकेदाराकडून चालवून घ्यायला सुरुवात केली. त्या वेळची रीत अशी होती की तिकिटाचे उत्पन्न ठेकेदाराचे, आणि त्याने महापालिकेला ठरावीक रक्कम द्यायची. वरून ही रीत फार सोयीची दिसते. महापालिकेला खर्च नाही, उलट चार पैसे मिळतात. पण जरा विचार करा. ज्याचे पोट तिकिटावर आहे, तो गर्दीच्या मार्गावरच गाड्या लावणार. दुपारची रिकामी फेरी, रात्रीची शेवटची फेरी, नव्या वस्तीकडची फेरी त्याला परवडत नाही. दिल्लीत १९९२ पासून खाजगी बसगाड्या अशाच तिकिटाच्या उत्पन्नावर सोडण्यात आल्या होत्या. उतारू पळवण्यासाठी गाड्यांची रस्त्यावर शर्यत लागे आणि त्यात कित्येक माणसे चिरडली गेली. अखेर त्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद कराव्या लागल्या.

नागपूरने २०१७ साली रीत बदलली. ‘आपली बस’ या नावाने नवी व्यवस्था आली. तिकिटाचे उत्पन्न महापालिकेचे आणि ठेकेदाराला गाडी जितके किलोमीटर धावली तितक्याचे पैसे. तत्त्व म्हणून ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. कारण रिकाम्या फेरीचेही पैसे मिळत असल्यामुळे, वस्तीला गरज असेल तिथे महापालिका गाडी पाठवू शकते. पण या रीतीलाही एक खोट आहे. ज्याला किलोमीटरचे पैसे मिळतात, त्याला उतारूचे सोयरसुतक राहत नाही. म्हातारे माणूस हात दाखवीत असता गाडी थांब्यावरून तशीच पुढे नेली, तरी किलोमीटर तेवढेच भरतात! तेव्हा गाडी थांबली का, वेळेवर आली का, वाहकाने तिकीट दिले का, हे पाहणारी जागरूक यंत्रणा महापालिकेजवळ हवी, आणि चुकले तर बिलातून रक्कम कापण्याची धमकही हवी. देखरेखही ठेकेदारीने द्यायची म्हटले, तर राखणदारावर दुसरा राखणदार नेमण्यासारखे होते.

शिवाय किलोमीटरचे पैसे दर महिन्याला चुकते करायला तिजोरीत पैसा हवा. इथेनॉलवर चालणाऱ्या हिरव्या बसचा प्रयोग २०१४ साली नागपुरात झाला, देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे त्या गाड्या नियमित धावू लागल्या आणि २०१८ साली ती सेवा बंदही पडली. नव्या गाडीचे उद्घाटन करायला एक दिवस पुरतो. ती गाडी दहा वर्षे धावती ठेवायला रोजचे पैसे, रोजची देखभाल आणि रोजचे लक्ष लागते.

मग ठेकेदार नकोच, सारे सरकारी हवे, असे माझे म्हणणे आहे काय? तसे नाही. इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. १९८५ च्या कायद्याने तिथे लंडनबाहेरची बससेवा पूर्ण खुली करण्यात आली. कंपनीने हवा तो मार्ग निवडावा, हवे ते भाडे घ्यावे. लंडनमध्ये मात्र वेगळी रीत ठेवली. तिथेही गाड्या खाजगी कंपन्यांच्याच, पण मार्ग कोणता, वेळ कोणती, भाडे किती हे सार्वजनिक संस्था ठरवते आणि निविदा मागवून चालवायला देते. चाळीस वर्षांनी काय दिसले? मँचेस्टर शहराने २०२३ च्या सप्टेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आपल्या साऱ्या बसगाड्यांचा कारभार पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेतला, आणि तोही लंडनसारख्याच रीतीने. म्हणजे चाक कोणाच्या हातात आहे हा दुय्यम प्रश्न. गाडी कुठे, केव्हा, किती वेळा जावी हे ठरवणारी बुद्धी आणि ती गेली की नाही हे पाहणारा डोळा, ही दोन मात्र शहराची स्वतःची हवीत. ती भाड्याने मिळत नाहीत.

आता पैशाचा प्रश्न. कोणी म्हणतील, “बस तोट्यात चालते, ती बंद करा.” मुंबईच्या ‘बेस्ट’चा इतिहास या ठिकाणी पाहण्यासारखा आहे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर चालू लागली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस धावली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, हा सारा उपक्रम महापालिकेने विकत घेतला. वीज आणि बस एकाच घरातल्या असल्यामुळे विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघे. मुंबईकराला वाटे, आपली बस स्वतःच्या पायांवर उभी आहे. खरे पाहता थोरला भाऊ गुपचूप धाकट्याचा खर्च चालवीत होता. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वाट अरुंद होत गेली आणि पुढे बंद झाली. तेव्हा बसची तूट उघडी पडली, आणि ती कोणी भरायची हा वाद सुरू झाला.

२०१९ च्या जुलैत बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि उतारू भराभर वाढले. माणसांना बस नको असते असे नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पण भाडे कमी केल्यावर जी रक्कम कमी पडते, ती दरसाल कोणी द्यायची हे ठरलेले हवे. ते पक्के झाले नाही. गाड्या जुन्या होऊन मोडीत निघाल्या, त्यांच्या जागी पुरेशा आल्या नाहीत, आणि २०२५ च्या मे महिन्यात तेच भाडे दहा रुपये करण्यात आले. स्वस्त भाडे ही चांगली गोष्ट, पण स्वस्त भाड्याची न येणारी गाडी ही सर्वांत महाग गाडी.

रस्त्यावर डांबर घालतो तेव्हा तो रस्ता नफ्यात आहे की तोट्यात, असे आपण विचारत नाही. रस्त्यावरचे दिवे किती कमावतात, असे कोणी नगरसेवक सभेत विचारीत नाही. बसलाच तेवढा हा प्रश्न का? कारण तिच्याजवळ तिकिटाची पेटी असते आणि म्हणून तिचा हिशेब डोळ्यांत भरतो. हिशेब जरूर ठेवावा, काटेकोर ठेवावा. उधळपट्टी, चोरी, रिकामे फिरणारे किलोमीटर हे सारे पकडावे. पण जी तूट म्हाताऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि दूरच्या वस्तीच्या सोयीपायी येते, ती तूट म्हणून लपवू नये. ती शहराने जाणूनबुजून केलेला खर्च म्हणून अंदाजपत्रकात ठळक लिहावी आणि वेळेवर द्यावी.

नागपुरात मार्च २०१९ मध्ये मेट्रोचा पहिला भाग सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. गाडी देखणी आहे, वेळ पाळते, याचा आनंद आहे. पण पहिल्या टप्प्यातल्या दोन मार्गांपैकी एकही आपल्या उमरेड रस्त्याने येत नाही. आणि मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा किलोमीटर-दोन किलोमीटर कोणी न्यायचा? तिथे पुन्हा बसच लागते. मेट्रोची कंपनी वेगळी, बस महापालिकेची, एस्टी राज्याची. तीन घरे, तीन कारभारी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले आहे की, वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याचा विचार करा. माणूस तर भिवापूरहून निघून दवाखान्याच्या दारापर्यंत एकच प्रवास करीत असतो. त्याच्या प्रवासाचे तुकडे कारभाऱ्यांनी पाडलेले आहेत.

मग आपण काय करावे? आपल्याला नागपुरात मत नाही, पण आवाज आहे. एस्टी आपलीही आहे, आमदार-खासदार आपलेही आहेत. आपण ग्रामस्थांनी, व्यापाऱ्यांनी, शाळा-कॉलेजच्या मंडळींनी मिळून एक साधी नोंद ठेवावी. उमरेड रस्त्याने येणाऱ्या एस्टी गाड्या नागपुरात किती वाजता पोहोचतात, त्या वेळी पुढे मेडिकलला, कळमन्याला, हिंगण्याच्या कारखान्यांकडे जाणारी शहराची बस मिळते की नाही, आणि परत येताना शेवटची एस्टी किती जणांची चुकते. महिनाभराची ही नोंद घेऊन एस्टीच्या आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांना भेटावे. “बस द्या” असे नुसते म्हटले, की “पाहू” असे उत्तर मिळते. “सव्वानऊची गाडी साडेनऊला करा म्हणजे आमची माणसे तिच्यात बसतील” असे म्हटले, तर उत्तर द्यावेच लागते. वेळापत्रकाशी भांडायचे असेल, तर आपल्याही हातात घड्याळ हवे.

आणि एक प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावा: ही गाडी आली नाही, तर जबाबदार कोण? एका माणसाचे नाव मिळाले तर समजावे की शहराचा कारभार जागा आहे. तीन कचेऱ्यांची नावे मिळाली तर समजावे की गाडीला चालक आहे, पण धनी नाही.

थांब्यावर उभे राहणारा माणूस फारसे मागत नाही. गाडी येणार आहे एवढा भरवसा त्याला हवा असतो. तो देणे ऐच्छिक नाही, असे ज्या दिवशी कायद्यात लिहिले जाईल आणि अंदाजपत्रकात दिसेल, त्या दिवशी भिवापूरहून निघालेली ती बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचेल, आणि संध्याकाळच्या एस्टीने अंधार पडण्यापूर्वी घरी परत येईल.